पिसं येतात, महिन्याभरात पुन्हा जातात: तलंगांच्या उघड्या पाठीचं काय करायचं

तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, तीन-चार महिन्यांच्या. खाणंपिणं उत्तम, तुरे वाढताहेत, शीटही बांधीव. पण शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या खालच्या भागात पिसं विरळ होत जातात आणि एक दिवस तिथली गुलाबी कातडी दिसायला लागते. मग उपाय सुरू होतात. खाद्यात प्रोटीन वाढवायचं, अंगावर पावडर मारायची, पाण्यातून व्हिटॅमिन द्यायचं. दोन-तीन आठवड्यांत नवे कोंब फुटतात, आपण निर्धास्त होतो, आणि महिना उलटायच्या आत ये रे माझ्या मागल्या.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतरही बहुतेक जण प्रोटीनच आणखी वाढवतात. मला ते पटत नाही. पिसं पुन्हा फुटतात याचाच अर्थ शरीर पिसं बनवू शकतंय. मग ती टिकत का नाहीत, हा प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा जमिनीवर सापडतं. ज्या तलंगांना दिवसभर उकरायला, शोधायला, टिपायला काही नसतं, त्यांची चोच शेजारणीच्या पाठीवर जाते. पिसांची तक्रार आणि "आमच्या कोंबड्या चरतच नाहीत" ही तक्रार अनेकदा एकाच घरातून, एकाच आठवड्यात येते. तो योगायोग नसतो.

तरीही इतर कारणं खोटी नाहीत. ती आधी तपासून बाजूला सारायला हवीत, नाहीतर उवांनी भरलेल्या कोंबडीपुढे पालापाचोळा पसरून काही साधणार नाही.

वयानुसार होणारी पिसगळ आहे का?

पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते लव घेऊन. पंखांवरची पहिली पिसं पहिल्याच आठवड्यात दिसायला लागतात आणि चार ते सहा आठवड्यांत लवेची जागा बरीचशी पिसं घेतात. सातव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान हीच पिसं गळून नवी येतात. पुढे अंड्यावर यायच्या सुमारास, म्हणजे विसाव्या आठवड्याच्या आसपास, आणखी एक फेरी होते आणि त्यात शेपटीची ताठ, मोठी पिसं येतात. तलंगेच्या पहिल्या पाच महिन्यांत पिसांची अशी अदलाबदल सतत चालू असते. खुराड्यात पिसं पडलेली दिसली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

नैसर्गिक पिसगळ ओळखायच्या दोन खुणा पक्क्या आहेत. ती दोन्ही बाजूंना सारखी असते. डाव्या पंखाचं जे पीस गेलं, साधारण तेच उजव्याचंही गेलेलं किंवा जायच्या बेतात असतं. दुसरं म्हणजे जुनं पीस गळतं तिथेच नवा कोंब वर आलेला असतो, त्यामुळे मोठा उघडा चट्टा सहसा पडत नाही. तलंग थोडी विस्कटलेली, मानेशी काटेरी दिसते इतकंच. हाताएवढी उघडी पाठ हे पिसगळीचं लक्षण नव्हे.

जातीचाही फरक असतो. लेगहॉर्नसारख्या हलक्या जातींना पिसं झपाट्यानं येतात. कोचीन, ब्रह्मा, प्लायमाउथ रॉक अशा जड जातींची पिल्लं बरेच दिवस अर्धी उघडी दिसतात. पिसं उशिरा येण्याचा गुण लिंगाशी जोडलेल्या जनुकातून येतो, म्हणूनच काही संकरांत एका दिवसाच्या पिल्लाच्या पंखावरून नर-मादी ओळखता येते. एकाच कळपात दोन्ही प्रकार असले की हळू पिसं येणाऱ्यांच्या पाठीवर कोवळे कोंब जास्त दिवस उघडे राहतात आणि टोचायला नेमक्या त्याच सापडतात.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी जागा, गरजेपेक्षा जास्त गरम ठेवला तरी पिसं रेंगाळतात. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सियस आणि मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी, हा नियम पाळला की पुरे. काळजीपोटी पाचव्या आठवड्यातही दिवा तसाच जळत ठेवणारे खूप आहेत.

पडलेलं पीस उचला आणि बघा

ही पाच मिनिटांची तपासणी फारसं कोणी करत नाही आणि निम्मा उलगडा तिथेच होतो. खुराड्यातून आणि अंगणातून दहा-बारा पिसं गोळा करा, उजेडात धरा, दांडीचं टोक बघा.

टोक स्वच्छ, कोरडं, पांढरट आणि निमुळतं असेल तर पीस आपणहून गळलंय. टोक मऊ, निळसर-काळपट असेल, दाबल्यावर ओलसर लागत असेल किंवा त्यावर रक्ताचा ठिपका असेल, तर ते वाढतं पीस कुणीतरी उपटून काढलंय. नव्या पिसाच्या दांडीत रक्त असतं. बाहेरून बघितलं तर पेनाच्या अर्ध्या भरलेल्या रिफिलीसारखी ती दिसते: खाली गडद, वर फिकट. पीस पूर्ण वाढलं की रक्त आटतं, दांडी पोकळ आणि कोरडी होते.

मग पिसाचं पातं बघा. कडा कुरतडल्यासारख्या, दांडी मधेच तुटलेली असेल तर चोचीचं काम आहे. पात्यावर आडवी, फिकट, पातळ रेघ दिसली आणि पीस तिथेच मोडत असेल तर गोष्ट वेगळी. ते पीस वाढत असताना त्या दिवसांत पक्ष्याची उपासमार झाली होती, आजारपण आलं होतं किंवा मोठा ताण पडला होता. सगळ्या तलंगांच्या पिसांवर साधारण एकाच उंचीवर अशी रेघ असेल तर त्या सुमारास काय घडलं होतं ते आठवा. जागा बदलली होती का, पाणी संपलं होतं का, खाद्य अचानक बदललं होतं का?

आणि पिसं सापडतच नसतील तर? पाठी उघड्या होत चालल्या आहेत आणि जमिनीवर पिसांचा मागमूस नाही, याचा अर्थ ती खाल्ली जात आहेत. ही खूण माझ्या मते सगळ्यात बोलकी आहे. पिसं खाणारा कळप म्हणजे टोचण्याची सवय चांगली मुरलेला कळप.

रात्री टॉर्च घेऊन जा

उवा आणि माइट (रक्त पिणारे बारीक परजीवी) यांची तपासणी दिवसा अर्धवटच होते. उवा पक्ष्याच्या अंगावरच राहतात. गुदाभोवतीची आणि पंखाखालची पिसं बाजूला सारली की गवती रंगाच्या उवा झरझर पळताना दिसतात, आणि पिसांच्या मुळाशी अंड्यांचे पांढरट झुपके चिकटलेले असतात. माइटचा एक प्रकार दिवसाही अंगावरच असतो. त्याच्यामुळे गुदाजवळची पिसं काळपट, तेलकट, मळकी दिसतात. तिसरा, तांबडा माइट, दिवसा मुळीच सापडत नाही. तो कोंबड्या रात्री बसतात त्या दांड्याच्या टोकाशी, फळ्यांच्या फटीत लपतो आणि अंधार पडला की वर चढून रक्त पितो. म्हणून अंधार पडल्यावर दोन तासांनी पांढरा कागद किंवा कापड दांड्याच्या खालच्या बाजूनं पुसून बघा. तांबडे डाग उमटले तर निदान झालं. तुरे फिके पडणं आणि संध्याकाळी खुराड्यात जायला कोंबड्यांनी का-कू करणं ही त्याचीच लक्षणं.

औषध पशुवैद्यकानं सांगितलेलंच वापरा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, एका फवारणीनं काम होत नाही. अंड्यांवर बहुतेक औषधांचा परिणाम होत नाही, म्हणून सात ते दहा दिवसांनी दुसरी मात्रा लागतेच. ती चुकवली की तीन आठवड्यांत उवा पुन्हा पूर्ववत, आणि आपण म्हणतो औषध बोगस होतं. तांबड्या माइटच्या बाबतीत कोंबडीपेक्षा खुराड्याच्या फटींवर जास्त मेहनत घ्या. तो रक्ताविना कित्येक महिने तग धरू शकतो.

टोचण्याशी याचा थेट संबंध आहे. अंगाला खाज सुटलेली तलंग स्वतःचीच पिसं विस्कटते, कधी मोडते. विस्कटलेल्या पिसाकडे बाकीच्यांचं लक्ष जातं.

पिसं गळलेली नाहीत पण फुललेली आहेत, तलंग कोपऱ्यात डोळे मिटून उभी आहे, शिटेत रक्त किंवा ओलसरपणा आहे, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि पशुवैद्यक गाठा. कोवळ्या वयात ओल्या लिटरवर, म्हणजे खाली पसरलेल्या भुशा-पेंढ्याच्या थरावर, रक्ती हगवण फार लवकर पसरते आणि तिथे एक दिवसही मोलाचा असतो.

आता टोचण्याबद्दल

टोचणं एकाच प्रकारचं नसतं. हुकूमत गाजवणारी कोंबडी डोक्यावर, तुऱ्यावर, वरून खाली चोच मारते. जखमा डोक्याभोवती होतात, पाठ शाबूत राहते. हे भांडण आहे आणि क्रम लागला की ते बरंचसं शांत होतं. पिसं टोचण्यात मात्र राग नसतो. एक तलंग शांतपणे दुसरीच्या मागे येते, शेपटीच्या मुळाशी, जिथे तेलाची ग्रंथी असते तिथे, पिसांची टोकं हलकेच ओढते. दुसरी कित्येकदा हलतसुद्धा नाही. हा सौम्य प्रकार पिल्लांत अगदी लहानपणापासून दिसतो. तोच पुढे वाढला की पीस धरून उपटणं सुरू होतं, दुसरी ओरडून पळते आणि पहिली ते पीस गिळते.

डच संशोधक हॅरी ब्लोकहाउस यांनी १९८६ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण आजही मला सगळ्यात पटतं. पिसं टोचणं म्हणजे जमिनीवर टोचण्याच्या मूळ वृत्तीनं बदललेली दिशा. जमिनीत टोचण्यासारखं काही नसेल तर तीच हालचाल पिसांवर वळते. या वृत्तीचा जोर किती असतो ते प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक मेरियन डॉकिन्स यांच्या १९८९ च्या निरीक्षणांतून कळतं. मोकळ्या फिरणाऱ्या लाल रानकोंबड्यांच्या, म्हणजे आपल्या पाळीव कोंबड्यांच्या मूळ पूर्वजांच्या, जागेपणीच्या हालचाली त्यांनी मिनिटामिनिटानं टिपल्या. ६० टक्के मिनिटांत जमिनीवर टोचणं आणि ३४ टक्के मिनिटांत पायांनी उकरणं नोंदलं गेलं. आपण तलंगांपुढे भांडंभर तयार खाद्य ठेवतो, त्यांचं पोट थोड्या वेळात भरतं, आणि दिवसाचे उरलेले तास चोचीला काम उरत नाही. पोट भरलं म्हणून टोचण्याची गरज भागत नाही. फुकटचं खाद्य समोर असतानाही कोंबड्या उकरून दाणा शोधणं पसंत करतात, हे कुणालाही घरी बघता येतं.

चक्र का थांबत नाही हेही इथेच कळतं. पीस उपटलं जातं, मुळातून नवा कोंब लगेच तयार व्हायला लागतो. हा कोंब चकचकीत, निळसर, आत रक्त असलेला. उघड्या गुलाबी कातडीवर तो ठळक दिसतो, चोच मारली की रक्त येतं, रक्त दिसलं की बाकीच्याही येतात. म्हणजे पिसं परत येऊ लागतात तोच काळ सगळ्यात धोक्याचा असतो, आणि आपण नेमके त्याच वेळी "चला, सुधारणा आहे" म्हणून लक्ष काढून घेतो. उपटलेलं पीस पूर्ण वाढायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढे दिवस व्यवस्था टिकली पाहिजे. तीन आठवड्यांत सोडली की पहिले पाढे पंचावन्न.

शिवाय ही सवय बघून-बघून पसरते. एका तलंगेपासून सुरू होतं, महिन्यानं चार जणी तेच करत असतात.

तुमच्या तलंगा खरंच चरतात का?

दुपारी चारच्या सुमारास अर्धा तास लांब बसून बघा. हातात काही खायला नको, नाहीतर सगळ्या तुमच्याकडेच धावतील. कोंबड्यांचं चरणं सकाळी आणि दुपारनंतर जोरात असतं. भर दुपारी त्या सावलीत बसतात, धुळीत न्हातात, ते ठीक आहे. पण संध्याकाळच्या आधीही त्या खाद्याच्या भांड्याजवळ घोटाळत असतील, कुंपणाला लागून येरझाऱ्या घालत असतील, किंवा नुसत्याच उभ्या असतील, तर त्या चरत नाहीत. चरणारी तलंग ओळखायला सोपी. दोन पायांनी आळीपाळीनं मागे उकरते, एक पाऊल मागे सरकते, मान तिरकी करून बघते, टिपते, पुन्हा उकरते. तिला शेजारणीकडे बघायला सवड नसते.

न चरण्याची कारणं शोधताना आधी जमीन बघा. कितीही मोठी जागा असली तरी काही आठवड्यांत कोंबड्या ती टणक, उघडी करून टाकतात. मग तिथे पाय मारून काही निघत नाही. जागेचं क्षेत्रफळ मोजून उपयोग नाही, जमीन उकरता येते का ते बघा. बूट रोवून टाच फिरवा. माती हलली नाही तर तलंगेच्या नखांनीही हलणार नाही.

दुसरं कारण भीती. कोवळ्या तलंगा वरून येणाऱ्या सावलीला फार घाबरतात. मोकळ्या, झुडूप नसलेल्या जागेत त्या दारापासून लांब जातच नाहीत. लोक म्हणतात एवढं अंगण दिलंय आणि या दारातच बसून असतात. त्यांना अंगण नकोसं नसतं, डोक्यावर काही तरी हवं असतं. चार विटांवर फळी, कलती लावलेली जाळी, तोडलेल्या फांद्यांचा ढीग, असं काही दर दोन-तीन मीटरवर ठेवलं की त्या एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंत चरत जातात. हा उपाय इतका साधा आहे की लोक त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

तिसरं कारण बालपणात असतं. खुडूक कोंबडीखाली वाढलेली पिल्लं तिच्या बोलावण्यावर टिपायला शिकतात. ती दाणा उचलते, टाकते, पुन्हा उचलते, विशिष्ट आवाज काढते, आणि पिल्लं नेमकं काय टोचायचं ते शिकतात. ब्रूडरमध्ये वर्तमानपत्रावर किंवा जाळीवर वाढलेल्या पिल्लांना टोचायला मिळतं काय? एकमेकांची बोटं आणि लव. अगदी पहिल्या आठवड्यांत सुटं लिटर मिळालेल्या पिल्लांत पुढे पिसं टोचणं कमी दिसतं, हे बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे. आणि चोवीस तास पांढऱ्या दिव्याखाली झोपलेलं पिल्लू हे जाग्या पिल्लांसमोर उघडं पडलेलं सावज असतं. ऊब देणारी पण आतून अंधारी जागा, म्हणजे ज्याखाली पिल्लं शिरू शकतील अशी गरम पाटी, दिव्यापेक्षा चांगली ती याच कारणानं.

तुमच्या तलंगा आता चार महिन्यांच्या आहेत आणि बालपण निघून गेलंय, असं असलं तरी हरकत नाही. शिकायला त्यांना वेळ लागेल, पण त्या शिकतात.

काय बदलायचं

सुरुवात लिटरपासून करा. लाकडाचा जाड भुसा, चिरलेला पेंढा, वाळलेला पालापाचोळा यांचा दहा-पंधरा सेंटीमीटरचा सुटा, कोरडा थर. खुराड्यात तर हवाच, पण बाहेर आच्छादित कोपऱ्यातही हवा, कारण पावसाच्या दिवसांत तलंगा आत अडकतात आणि टोचणं नेमकं त्याच आठवड्यांत उफाळतं. थर दडपला गेला की काट्यानं उलटा करा. पाल्याचा ढीग तुम्ही पसरू नका, ढीगच ठेवा. पसरायचं काम त्यांचं.

त्या थरात दुपारनंतर मूठभर अख्खं धान्य फेकायचं. एका तलंगेमागे जेमतेम एक चमचा. जास्त फेकलं तर शोधण्यात गंमत उरत नाही आणि प्रोटीनचं गणितही बिघडतं, त्याकडे येतोच. एका जागी ओतू नका, लांबवर उधळा, नाहीतर दांडगी कोंबडी ढिगावर उभी राहते आणि बाकीच्या बघत बसतात. हिरव्या पाल्याची जुडी किंवा कोबीचा गड्डा डोक्याच्या उंचीवर टांगला तर तोही तासभर पुरतो, कारण टांगलेली वस्तू हलते आणि चोच मारावी तितकी थोडीथोडीच मिळते. जमिनीवर टाकला तर दहा मिनिटांत तुडवला जातो.

गोळी खाद्य देत असाल तर मॅशवर, म्हणजे भरड दळलेल्या सुट्या खाद्यावर, या. तेवढंच खाद्य मॅशच्या रूपात संपवायला कोंबडीला बराच जास्त वेळ लागतो. सांडलवंड होते, ही तक्रार खरी आहे, पण पिसांच्या दृष्टीनं तो वेळच हवा आहे. तंतुमय भागही महत्त्वाचा. पिसं खाणाऱ्या कोंबड्यांत पीस हे आतड्यांत न विरघळणाऱ्या तंतूसारखं काम करतं असं दिसून आलं आहे, आणि धान्याचं तूस किंवा तसा भरड चोथा मिळाला की पिसं खाणं घटतं.

जागा दोन भागांत वाटता आली तर एका भागाला विश्रांती द्या. गवत पुन्हा उभं राहिलं की अदलाबदल. मात्र गुडघाभर वाढलेल्या गवतात तलंगा सोडू नका. लांब, चिवट पाती गळ्याखालच्या अन्नपिशवीत गुंता करून बसतात. आधी कापा आणि कापलेलं लांब गवतही उचला. बाहेर चरणाऱ्या पक्ष्याला पोटात अन्न दळण्यासाठी बारीक, न विरघळणारे खडे लागतात. ते वेगळ्या वाटीत कायम ठेवा. शिंपल्यांचा चुरा म्हणजे खडे नव्हेत, तो विरघळतो.

धुळीत न्हायची जागा कोरडी ठेवा. वाळू आणि मऊ माती, तलंग अर्धी बुडेल एवढी. ओली माती त्यांना चालत नाही. इथे उवांवरही थोडा वचक बसतो आणि तासभर निवांत जातो.

गर्दीकडेही बघा. खुराड्यात एका तलंगेला साधारण पाव ते अर्धा चौरस मीटर, बाहेर निदान एक चौरस मीटर, दांड्यावर वीस-पंचवीस सेंटीमीटर. पिल्लं आणली तेव्हा ऐसपैस असलेली जागा चार महिन्यांत कधी अपुरी झाली हे रोज बघणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. भांडी दोन ठेवा, एकमेकांपासून लांब. आत कडक ऊन किंवा प्रखर दिवा येत असेल तर मंद करा. भगभगीत उजेडात टोचणं वाढतं.

खाद्याचा भाग

पीस जवळजवळ सगळं केराटिन, म्हणजे प्रोटीनच. त्याला गंधकयुक्त अमिनो आम्लं, मुख्यतः मेथिओनिन आणि सिस्टीन, जास्त लागतात. म्हणून एकूण प्रोटीनचा आकडा चांगला असूनही निव्वळ धान्य-डाळींच्या घरगुती मिश्रणावर पिसं रखडू शकतात. तयार खाद्यात याचा तोल राखलेला असतो. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत १८ ते २० टक्के प्रोटीनचं चिक मॅश (पिल्लांचं खाद्य), पुढे १६ ते १८ टक्क्यांचं ग्रोअर (वाढत्या तलंगांचं खाद्य), इतकं पुरतं.

प्रत्यक्षात प्रोटीन कमी पडतं ते पोत्यावरच्या आकड्यामुळे नाही, वरच्या खाऊमुळे. उरलंसुरलं, पोळीचे तुकडे, मका, फळांच्या साली हे सगळं दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. मघाशी चमचाभर धान्य म्हटलं ते या हिशेबात धरून.

पिसांसाठी म्हणून लेअर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य) लवकर सुरू करणं हा चुकीचा आणि धोक्याचा उपाय आहे. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या तलंगेला एक टक्क्याच्या आसपास लागतं. जादा कॅल्शियम तिच्या मूत्रपिंडांना इजा करतं आणि ती भरून येत नाही. पहिलं अंडं जवळ आलं की मगच बदला. घरी खाद्य बनवणाऱ्यांनी मिठाचा भाग विसरू नये, मिठाच्या कमतरतेनंही टोचणं भडकतं. पण अंदाजानं मीठ घालणं त्याहून वाईट, ते मोजूनच घालायचं असतं.

जखमी कोण आणि टोचणारी कोण

रक्त आलेली तलंग त्याच क्षणी बाजूला काढा. जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, कोरडी करा. ठेवायची ती जाळीपलीकडे, बाकीच्यांना दिसेल अशी. नजरेआड ठेवली तर आठवड्यानं परत सोडताना तिला परकी समजून नव्यानं भांडणं होतात. खपली पडून कातडी दिसेनाशी होईपर्यंत थांबा.

टोचणारी शोधायची तर जिची पाठ सगळ्यात तुकतुकीत आहे तिच्यावर नजर ठेवा. कळपात सगळ्यांची पिसं विरळ आणि एकीची शाबूत, तर संशय तिच्यावरच. खात्री झाली की उघड्या पाठीच्या तलंगेऐवजी तिला चार-पाच दिवस वेगळं ठेवून बघा. कित्येकदा एवढ्यानं टोचणं थांबतं. पण आत काही बदललं नसेल तर ती परत आल्यावर तेच करेल. चोच कापणं मात्र करू नका. चोचीच्या टोकाला संवेदना असते, ते वेदनादायक आहे, आणि चरायला लागणारं हत्यारच त्यानं बोथट होतं.

कळपात कोंबडा वाढत असेल तर आणखी एक शक्यता तपासा. चार-पाच महिन्यांचा झाला की तो तलंगांवर चढतो. तेव्हा पिसं जातात ती पाठीच्या मधल्या भागावरची आणि डोक्यामागची, जिथे तो पाय रोवतो आणि चोचीनं धरतो. शेपटीचं मूळ शाबूत असतं. तिथे पाला पसरून उपयोग नाही. कोंबडा वेगळा करा किंवा माद्यांची संख्या वाढवा.

सगळं नीट केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत पाठीवर फरक दिसणार नाही. आधी वागण्यात दिसेल: भांड्याजवळची गर्दी घटेल, पाल्याचा ढीग संध्याकाळपर्यंत सपाट होईल, आणि खुराड्यात पिसं पुन्हा पडलेली सापडतील, म्हणजे ती खाल्ली जायची थांबली. मग कोंब येतील. साधारण आठवा आठवडा संपेपर्यंत वरच्यातलं काहीही काढून घेऊ नका.

काही ठिकाणी पिसं तरीही येणार नाहीत. मुळातून उपटलेलं पीस लगेच फुटतं, पण मधेच तुटलेल्या पिसाची दांडी मुळात शिल्लक असते आणि ती असेपर्यंत नवं पीस येत नाही. असे खुंट पुढच्या पिसगळीपर्यंत तसेच राहतात, आणि मोठ्या कोंबडीची पहिली पूर्ण पिसगळ साधारण दीड वर्षाच्या वयात होते. ते उपटायला जाऊ नका. दोन-चार खुंट दिसले म्हणून खाद्य पुन्हा बदलायचीही गरज नाही.